स्कीच्या पोटाला लावायची कातडी

जबलपूर, मे महिन्याचा तिसरा आठवडा.

सकाळी दहालाच परेड ग्राउंडच्या कडेचा लोखंडी पाइप हाताला चटका देतो. दुपारी पारा चव्वेचाळीसच्या आसपास. संध्याकाळी कूलरमध्ये पाणी ओतणे ही घरातली मुख्य फेटिग. अशा गावात बसून मी आज बर्फावर लिहिणार आहे, त्याला कारण दोन. एक ट्रंकेतून निघालं, दुसरं गाडीने आलं.

गेल्या रविवारी काळी ट्रंक ऊन दाखवायला अंगणात काढली. तळाशी एक वीतभर लांब, बोटभर रुंद पट्टी सापडली. एका अंगाला करडी लव, दुसऱ्या अंगाला डिंक. जबलपूरच्या दोन उन्हाळ्यांत तो डिंक पातळ होऊन माझ्या एका जुन्या कोर्सच्या सर्टिफिकेटाला असा बसला होता, की ओढल्यावर साहेबांची सहीच पट्टीबरोबर उचलून आली. बायको म्हणाली, "हे काय, उंदराचं कातडं जपून ठेवलंय?" कातडं खरंच, पण उंदराचं नव्हे. टूरिंग स्कीच्या पोटाला जी कातडी लावून चढ चढतात, तिची ती कडेची कात्रण. फौजेत आम्ही तिला नुसतं 'स्किन' म्हणायचो.

आणि बुधवारी तो आला. माझ्याबरोबर बर्फात होता, जम्मू अँड काश्मीर रायफल्सचा, किश्तवाडकडचा. त्याचं नाव लिहीत नाही. त्याच्या रेजिमेंटचं सेंटर इथेच जबलपूरला आहे. पेन्शनच्या कागदांत धाकट्या मुलीचं नाव चढवायचं होतं म्हणून तो आला, आणि कुणाकडून तरी माझा नंबर काढून त्याने फोन केला. त्याच्याबद्दल शेवटी सांगतो. आधी ही स्किन म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

स्कीचा तळ गुळगुळीत असतो. उतारावर तो पळतो, हे सिनेमात सगळ्यांनी पाहिलंय. पण फौजेला उतारापेक्षा चढ जास्त असतो. चढावर तीच स्की मागे घसरते. एक पाऊल पुढे, दीड मागे. उपाय हजारो वर्षांपूर्वी कुणा शिकाऱ्याला सुचला : स्कीच्या पोटाला केसाळ कातडं बांधायचं, केस शेपटीच्या दिशेने. मांजराच्या पाठीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवा, सुळकन जातो. उलटा फिरवा, अडतो. बस, एवढंच तत्त्व. स्की पुढे ढकलली की केस आडवे पडून सरकू देतात. मागे यायला लागली की तेच केस उभे राहून बर्फात रुततात. माणूस पाय उचलत नाही, सरकवतो. टूरिंग स्कीचं बाइंडिंग वेगळं असतं, चढताना त्यात टाच मोकळी राहते. वर पोचलं की स्किन काढायची, घडी करून जॅकेटच्या आत छातीशी ठेवायची, टाच पक्की करायची आणि उतरायचं.

लावायची रीत सांगतो, कारण आमच्या उस्तादांनी ती आम्हाला नमाज-पूजेसारखी शिकवली होती. नवी स्किन रुंद येते. ती आधी स्कीवर मधोमध बसवायची आणि मग ब्लेडने दोन्ही कडा कापायच्या, अशा की स्कीच्या कडेचं पोलाद दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर उघडं राहील. पोलाद झाकलं गेलं तर कडक बर्फाच्या आडव्या उतारावर पकड मिळत नाही. जास्त कापलं तर चढताना केस कमी पडतात. नवशिके आधी मोजून, मग टेबलावर कापतात आणि दोन जोड्या वाया घालवतात. मीही एक घालवली होती. माझ्याकडे सापडली ती पट्टी म्हणजे दुसऱ्या, नीट कापलेल्या जोडीची कात्रण. पितळी बक्कल पुसायला झकास म्हणून ठेवली होती.

मग रोजची रीत. स्कीचा तळ आधी कोरडा करायचा. पाण्याचा एक थेंब राहिला तरी तो गोठतो आणि डिंकाखाली काचेसारखा थर होतो. पुढच्या टोकाला स्किनची कडी अडकवायची. तिथून हाताच्या तळव्याने दाबत, मधली रेघ सरळ ठेवत, शेपटीपर्यंत यायचं. शेपटीचा हूक ओढून लावायचा. नंतर पुन्हा एकदा पूर्ण लांबी चोळायची, कारण डिंक दाबाने आणि उबेने धरतो. सराव झालेल्या माणसाला दोन्ही स्कींना मिळून तीन-चार मिनिटं लागतात. एवढ्यात हातमोजा काढायचा नाही. उस्ताद मागे उभे राहून फक्त एवढंच बघायचे, की हातमोजा निघाला का. स्किन वाकडी बसली तर शिवी, हातमोजा निघाला तर पिट्टू परेड.

तेव्हा मला ते अती वाटायचं. मी मूळचा एसकेटी, म्हणजे स्टोअरकीपर टेक्निकल. माझं काम लेजरचं. बर्फात मला युनिटबरोबर जोडून दिलं होतं. हातमोज्याच्या वेडाचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं, आणि ते कळायला इतिहास वाचावा लागला.

या कातडीचा इतिहास हा खरं तर बोटांचा इतिहास आहे.

अल्ताई पर्वत, जिथे आज रशिया, कझाकस्तान, मंगोलिया आणि चीनच्या सीमा एकमेकांना भिडतात, तिथले शिकारी लाकडी स्कीच्या तळाला घोड्याच्या पायाचं कातडं कायमचं बसवतात. आजही. त्यात काढण्या-घालण्याचा प्रश्नच नाही. उतारावर वेग थोडा कमी, पण हात सदा मोकळे. नॉर्वेच्या अठराव्या शतकातल्या स्की-पलटणींची तऱ्हा आणखी मजेशीर. त्यांच्या दोन स्की सारख्या नसायच्या. डाव्या पायात लांबलचक, सरकायची. उजव्या पायात आखूड, तिच्या पोटाला केसाळ कातडं, जोर द्यायला. एक पाय पळतो, दुसरा ढकलतो. त्या काळच्या शिपायाला लंगडत चालल्यासारखं वाटत असणार, पण इथेही बांधाबांध नव्हती.

बांधाबांध सुरू झाली ती स्की युरोपच्या उंच पर्वतांत, आल्प्समध्ये शिरल्यावर. १८८८ मध्ये फ्रिट्यॉफ नान्सेन स्कीवरून ग्रीनलंड पार करून गेला, आणि त्याचं पुस्तक वाचून मध्य युरोपात स्कीचं वेड पसरलं. तिथले चढ लांब आणि उतारही लांब. म्हणजे वर जाताना कातडं हवं आणि खाली येताना नको. मग सीलच्या कातड्याच्या लांब पट्ट्या आल्या, कापडी पट्टे आणि बक्कलं लावून स्कीला आवळायच्या. फ्रेंच लोक आजच्या नायलॉनच्या स्किनलाही 'सीलचं कातडं' असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियन आणि इटालियन फौजा आल्प्सच्या शिखरांवर समोरासमोर बसल्या, तेव्हा हे प्रकरण छंदाचं राहिलं नाही. ऑस्ट्रियाचा गेओर्ग बिल्गेरी हा अधिकारी आपल्या सैनिकांना स्की शिकवायचा आणि बाइंडिंगसारख्या वस्तूंत स्वतः सुधारणाही करायचा. बर्फातल्या लढाईत अर्धं युद्ध सामानाशीच असतं, हे त्याला पक्कं कळलं होतं असं मला वाटतं. हा माणूस एसकेट्यांचा दैवत व्हायला हवा होता.

आमच्या लेक्चरमध्ये मात्र दर वेळी १९३९-४० च्या फिनलंडचं उदाहरण देतात, पांढऱ्या कपड्यांतले फिन्निश स्कीवाले आणि गोठलेली रशियन फौज. उदाहरण चांगलंच आहे. पण फिनलंड सपाट आहे, जंगल आणि गोठलेली तळी. आपल्या पहाडात त्यातलं किती लागू पडतं, हे विचारल्यावर लेक्चर संपतं.

पट्ट्या-बक्कलांची मुख्य अडचण बर्फ नव्हे, बोटं. उणे वीसमध्ये गोठलेल्या कापडी पट्ट्यातून बक्कलाचा काटा काढायचा म्हणजे हातमोजा काढणं आलंच. शिवाय पट्टा स्कीच्या कडेवरून जातो, म्हणजे नेमकं जिथे पोलाद चावायला हवं तिथे कापड येतं. यावर गेल्या शतकाच्या उत्तरार्धात इलाज सापडला, डिंक. कायम चिकट राहणारा, स्कीला धरणारा पण ओढल्यावर सुटणारा, पुन्हा लावल्यावर पुन्हा धरणारा. सीलची जागा अंगोरा बकरीच्या लोकरीने म्हणजे मोहेरने घेतली, मग नायलॉनने. मोहेर जास्त सरकतं, नायलॉन जास्त टिकतं. टोकाला कडी, शेपटीला हूक, मध्ये एकही बक्कल नाही.

पण डिंकाला आपले नखरे आहेत. ऊन लागलं की वितळतो, धूळ लागली की मरतो. म्हणून दोन स्किन डिंकाला डिंक लावून किंवा मध्ये बारीक जाळीचं कापड घालून, पिशवीत, थंड जागी ठेवतात. बक्कलाची चूक बर्फात डोळ्यांना दिसते. डिंकाची चूक मे महिन्यात, शेकडो मैलांवरच्या गोदामात होते आणि जानेवारीत पहाडावर कळते. बर्फातला धोका शिपायाच्या हातून निघून स्टोअरमनच्या हातात आला, तो इथे.

आता जबलपूर. तुम्ही म्हणाल, कुठे स्की आणि कुठे नर्मदा. पण या गावाचा पहाडाशी फार जुना संबंध आहे. १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी इथली. शक्तिमान ट्रक इथे बनले, आणि 'जोंगा' या गाडीच्या नावातला पहिला 'ज' जबलपूरचाच. श्रीनगर-लेह रस्त्यावर ज्यांनी नोकरी केली आहे, त्यांना शक्तिमानच्या इंजिनाचा आवाज अजून झोपेत येत असेल. जबलपूरचा ट्रक बर्फाच्या तोंडाशी आणून सोडायचा. तिथून पुढे पाय.

आणि इथेच जम्मू अँड काश्मीर रायफल्सचं सेंटर आहे. या रेजिमेंटची वंशावळ जम्मूच्या राजा गुलाबसिंगांच्या डोग्रा फौजेपर्यंत जाते. पुढे ती संस्थानी फौज झाली, स्वातंत्र्यानंतर भारतीय सेनेत आली, आणि आजचं नाव तिला १९६३ मध्ये मिळालं. याच गुलाबसिंगांचा सेनापती जोरावरसिंग. १८३४ मध्ये तो किश्तवाडहून डोंगर ओलांडून लडाखमध्ये उतरला. १८४० मध्ये त्याने बाल्टिस्तान घेतलं, स्कार्दूसकट. १८४१ च्या उन्हाळ्यात पाच-सहा हजार माणसं घेऊन तो पश्चिम तिबेटात शिरला. रुडोक, गारतोक, मानसरोवर, तकलाकोट. इतक्या उंचीवर, इतक्या लांब, हिंदुस्थानी फौज त्याआधी कधी गेली नव्हती. आपल्याकडे शाळेत अटक शिकवतात. अटकेच्या पलीकडे या माणसाने काय केलं हे मी फौजेत येईपर्यंत ऐकलं नव्हतं.

मग थंडी आली. मागचे घाट बंद झाले, रसद तुटली. तिबेटी फौज जमून पुढे आली. अलेक्झांडर कनिंगहॅम काही वर्षांनी लडाखमध्ये गेला होता, त्याच्या पुस्तकात या शेवटच्या दिवसांची हकीकत आहे. शिपायांनी ऊब मिळवायला आपल्या बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले. बोटं आणि पायाचे अंगठे झडले. अखेरच्या दिवशी निम्म्या लोकांनाही हत्यार हातात धरता येत नव्हतं. १२ डिसेंबर १८४१ रोजी तकलाकोटजवळ जोरावरसिंग पडला.

ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा लढाईच्या नकाशापेक्षा ते दस्तेच डोक्यात राहिले. शिपाई बंदूक जाळतो, म्हणजे त्याला कळलेलं असतं की आता ही चालवायला बोटं उरणार नाहीत. जोरावरचं धाडस, त्याचं धोरण, त्याची चूक यांवर बरंच लिहिलं गेलंय. मला विचाराल तर मे महिन्यात निघालेल्या त्या फौजेचं सामान डिसेंबरचं नव्हतं, आणि तिथेच हिशेब संपला होता.

शंभर वर्षांनी पुन्हा तोच प्रदेश. १९४८ चा फेब्रुवारी. लेहमध्ये मूठभर फौज, समोर गिलगिट-स्कार्दूकडून येणारा शत्रू, आणि मध्ये साडेअकरा हजार फुटांवरचा झोजिला बर्फात पूर्ण बंद. दुसऱ्या डोग्रा बटालियनचे मेजर पृथीचंद हे लाहौलचे. त्यांच्याबरोबर कुशलचंद आणि भीमचंद, तेही तिथलेच. ठाकूर घराण्यातली ही माणसं बर्फातच वाढलेली. सुमारे चाळीस स्वयंसेवक, लडाखी लोकांना द्यायच्या जादा बंदुका, आणि वाटेवर हिमस्खलनाची टांगती भीती. श्रीनगर सोडलं फेब्रुवारीच्या मध्यावर, लेह गाठलं ८ मार्चला. भर हिवाळ्यात झोजिला पायी. पृथीचंद आणि कुशलचंद यांना महावीर चक्र मिळालं. लडाखी पोरांना बंदूक शिकवून त्यांनी जी वेळ काढली, तिच्या जोरावर २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहरसिंग जनरल थिमय्यांना शेजारी बसवून लेहच्या वाळूवर डकोटा उतरवू शकले. नोव्हेंबरला त्याच झोजिलावर थिमय्यांनी स्टुअर्ट रणगाडे चढवले, ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पृथीचंदांची कमी लोकांना पाठ आहे. माझ्या मते उलटं व्हायला हवं होतं. रणगाडे चढवायला लेह हातात असायला लागतं.

आणि थिमय्यांनी आणखी एक गोष्ट केली, जिच्यावर कुणी सिनेमा काढणार नाही. त्याच १९४८ मध्ये गुलमर्गला १९ इन्फन्ट्री डिव्हिजनचं स्की स्कूल सुरू केलं. गुलमर्गला इंग्रज अधिकारी आधीपासून स्की करत. १९२७ पासून त्यांचा क्लबही होता. त्यांच्यासाठी ती सुटीतली मौज होती. थिमय्यांनी वर्षभर बर्फाने बांधलेली लढाई पाहिली होती. त्यांना अशी माणसं हवी होती, ज्यांना हिवाळ्यात हलता येतं. पुढच्या वर्षी त्या शाळेचं नाव विंटर वॉरफेअर स्कूल झालं, १९६२ मध्ये हाय आल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल. याच शाळेचे कमांडंट असताना कर्नल नरेंद्र 'बुल' कुमार १९७८ मध्ये सियाचीनवर माणसं घेऊन गेले, आणि त्यांच्या नकाशांनी १९८४ च्या ऑपरेशन मेघदूतला वाट दाखवली. कुमारांच्या पायाची बोटं १९६१ मध्ये नीलकंठच्या मोहिमेत गेली होती. तरी ते त्यानंतर वीस वर्षं चढत राहिले. १३ एप्रिल १९८४ ला बिलाफोंड ला वर हेलिकॉप्टरने उतरलेल्या पहिल्या तुकडीचे कॅप्टन संजय कुलकर्णी होते, हे मराठी वाचकांना सांगायची गरज नाही, पण सांगायला बरं वाटतं.

खरं बोलायचं तर आपल्याकडे स्की हे हल्ल्याचं वाहन क्वचितच झालं. ग्लेशियरवर भेगा असतात, तिथे दोरखंड आणि क्रॅम्पॉन. स्की कामाची ती गस्तीला, चौक्यांमधल्या दुव्याला, आणि माणूस बर्फाखाली गेला तर लवकर पोचायला. ८ फेब्रुवारी २०१० ला गुलमर्गच्या वर खिलनमर्गला शिकाऊ तुकडीवर कडा कोसळला आणि १७ जवान गेले. अशा दिवशी मदतीला जाणारा आधी पायाखाली स्किन लावतो.

आता त्याची गोष्ट. जागा आणि युनिट लिहीत नाही, सवय आहे.

एका उन्हाळ्यात स्टोअर्स खाली, पायथ्याच्या एका ठिकाणी हलवलं. पत्र्याची शेड. स्किनच्या तीसेक जोड्या माझ्या चार्जमध्ये. मधल्या जाळ्या निम्म्या हरवलेल्या, त्यांची मागणी करायची तर कागदी घोडे, आणि माझी रजा चार दिवसांवर. घरून साताऱ्याहून लाडूंचे डबे यायचे, त्यांना गुंडाळलेली वर्तमानपत्रं मी वाचायला ठेवायचो. ती रद्दी मी स्किनच्या मध्ये घातली. पिशव्या बांधल्या, शेडमध्ये रचल्या आणि गावी गेलो. सप्टेंबरात उघडल्या तेव्हा कागद डिंकात मुरला होता. आठवडाभर बसून खरवडला, पेट्रोलच्या बोळ्याने पुसला. वरवर बोट लावलं तर चिकटत होतं. लेजरमध्ये लिहिलं : सर्व्हिसेबल.

जानेवारीत आम्ही पहाटे चारला निघालो, ऊन पडायच्या आत आडवा उतार ओलांडायचा म्हणून. तो माझ्या पुढे. उताराच्या मध्यावर त्याची उजवी स्किन शेपटीकडून सुटली. तिथे बर्फ शिरला की मग पुढे सुटतच जाते. त्याने स्की काढून स्किन पुसली, दाबली. दहा पावलांवर पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा त्याने पट्टा बांधायला हातमोजे काढले. वारा होता. मी "घाल, घाल" म्हणत होतो आणि तो "झालं, झालं" म्हणत होता. त्या 'झालं'ला पंधरा मिनिटं लागली असतील. वर पोचल्यावर त्याने हात दाखवले. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मेणासारखं पांढरं, टिचकी मारली तर लाकडावर मारल्यासारखं. चोळलं नाही, काखेत धरलं, गरम पाणी पाजलं, खाली नेलं. दोन महिन्यांनी दोन्ही बोटांची पहिली पेरं गेली. तर्जनी म्हणजे ट्रिगरचं बोट. मेडिकल कॅटेगरी खाली आली, पुढची नोकरी त्याने लंगर आणि गार्डरूममध्ये काढली.

चौकशीत 'हवामान' असं आलं. ते खोटं नव्हतं. मी गप्प राहिलो.

बुधवारी सदर बाजारात आम्ही चहा घेतला. तो ग्लास अंगठ्यात आणि अनामिकेत धरतो. सवयीचं झालंय, पाहणाऱ्याला कळतही नाही. मुलींची चौकशी झाली, सफरचंदाच्या बागेची झाली. सोळा वर्षं जे बोललो नव्हतो ते मी उन्हात घाम पुसत बोललो. जाळ्या, रद्दी, पत्र्याची शेड, पेट्रोल, लेजर. सगळं.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "माहीत आहे, साहब."

"काय माहीत आहे?"

"त्या दिवशी स्किन पुसताना डिंकात पेपरचा तुकडा चिकटलेला दिसला. त्यावर 'आहे' छापलेलं होतं. हिंदीत 'है' लिहितात. युनिटमध्ये 'आहे'वाला पेपर एकच माणूस वाचायचा."

मी विचारलं, मग चौकशीत का बोलला नाहीस. त्याने चहावाल्याला आणखी दोनची खूण केली, त्याच हाताने. म्हणाला, "तुम्ही मला काखेत हात धरून चार तास खाली आणलंत, तेव्हा मी ठरवलं की तुम्ही स्वतः सांगाल तेव्हा ऐकायचं. तुम्ही फार वेळ लावलात." मग हसला, पण पूर्ण नाही. मला वाटतं राग अजून थोडा आहे, आणि तो असायला हरकत नाही.

रात्री गाडीच्या आधी तो क्वार्टरवर जेवायला आला. पट्टी दाखवली. त्याने ती अंगठ्याने कुरवाळली, आधी सरळ, मग उलटी. "मुलींना दाखवायला नेतो," म्हणाला. "त्यांना वाटतं बाप नुसताच लंगरमध्ये होता."

पट्टी कशात गुंडाळून द्यायची? डिंक जबलपूरच्या गरमीने ओघळलेला. टीपॉयवर त्या दिवशीचा पेपर पडला होता, बायकोने सवयीने तोच पुढे केला. आम्ही दोघांनी एकदमच "नको" म्हटलं. मग मी फाटकी मच्छरदाणी काढली, तिचा वीतभर तुकडा कापला आणि डिंकावर नीट दाबून बसवला.